काठोकाठ

माझ्या सिनेमातली अलबर्स्ती चहा पिऊन शांत होते. हे वाक्य मी पूर्ण शुद्धीत लिहिलं. कोणी बंदूक रोखली नव्हती, अंगात तापही नव्हता. उलट खिडकी उघडी होती आणि छान वारा येत होता.

अलबर्स्ती म्हणजे ती पिवळ्या केसांची, जी बाळंतिणीच्या छातीवर येऊन बसते, तिची फुप्फुसं काढते आणि ओढ्यावर नेऊन धुते. तिला लोखंडाची भीती वाटते, बंदुकीच्या बाराची वाटते. चहानं तिला बरं वाटतं हा शोध मात्र माझा.

मूळ कादंबरीचं नाव ‘पिवळी सून’. लेखक जुमादिल असानोव. आमच्याकडे ती नववीला लावलेली आहे, त्यामुळे कोणीही वाचलेली नाही. मी वाचली, कारण मी नववीत असताना पाय मोडून घरी पडलो होतो आणि टीव्ही बहिणीच्या खोलीत होता. एका बैठकीत वाचली आणि त्यानंतर दोन दिवस चहा प्यायलो नाही. आई म्हणाली, याला कावीळ झाली.

त्या कादंबरीत भूत दिसतच नाही. डोंगरातलं एक घर, घरात नवी सून. सुनेचं पहिलं मूल जन्मतःच जातं, आणि घरात कुजबूज सुरू होते की ही बाळंतीण नव्हेच, हिच्या अंगात ‘ती’ येऊन बसली आहे. एकशे एकोणऐंशी पानं नुसती कुजबूज. आणि मग पान एकशे ऐंशी. तिसऱ्याच दिवशी सुनेला उठवून चहा ओतायला बसवतात. सासऱ्याकडे अकरा पाहुणे आहेत. ती प्रत्येकाला तळाशी दोन घोट ओतून देते, जसे मानाच्या माणसाला द्यायचे तसे. पियाला रिकामा झाला की परत हातात घ्यायचा, परत दोन घोट. बसा, घाई नाही, आम्ही आहोत तुमच्यासाठी, असा त्याचा अर्थ. सासऱ्याची पाळी येते तेव्हा ती ओतत जाते. ओततच जाते. चहा काठापर्यंत येतो, काठाच्या वर फुगून उभा राहतो, सांडत नाही. आणि ती तो पियाला त्याच्यापुढे धरते.

काठोकाठ पियाल्याचा आमच्याकडे एकच अर्थ होतो. प्या आणि चालते व्हा. स्वतःच्या घरात, अकरा माणसांसमोर, सासऱ्याला, सुनेनं.

शेवटच्या प्रकरणात जिल्ह्याच्या गावाहून डॉक्टर येतो आणि सगळ्यांना समजावतो की उंचीवर हवा विरळ असते, त्यामुळे भास होतात. ते प्रकरण त्या काळच्या प्रकाशकानं लिहून घेतलं होतं, नाहीतर छापलं नसतं. पण तोवर उशीर झालेला असतो. तुम्ही पान एकशे ऐंशी वाचलेलं असतं. मी लेखक झालो तो त्या पानामुळे. हे मी मुलाखतींत सांगायचो. आता सांगत नाही.

सिनेमा करायचं मेदेर-बाइकेनं ठरवलं. बाइके म्हणजे दादा. तोच निर्माता, तोच दिग्दर्शक आणि गर्दी कमी पडली की तोच गर्दी. आमच्याकडे कुठल्याही कामाआधी मोठ्या माणसाकडून ‘बाता’ घेतात. तळवे उघडून दिलेला आशीर्वाद. तो नसेल तर कॅमेरा पडतो, घोडा लंगडतो, नट लग्न करून परदेशी जातो. असानोव वारले होते, म्हणून बाता त्यांच्या बायकोकडून घ्यायचा ठरला. उल्कान-आपा, वय ऐंशी, मुक्काम कोचकोर.

पहिल्या भेटीत त्यांनी आम्हाला सगळं वाढलं, अगदी शेजारणीकडून मागवून वाढलं. कागदावर सही केली तीही न वाचता. मेदेर खुश झाला. मग त्या माझ्याकडे वळल्या.

“तू लिहिणार ना, बालाम?” बालाम म्हणजे बाळा.

“हो, आपा.”

“बाकी काहीही कर. डॉक्टर काढून टाकलास तरी चालेल. तो म्हाताऱ्यालाही आवडत नव्हता.” म्हातारा म्हणजे त्यांचा नवरा. नाव त्या कधी घेत नाहीत. “पण ते चहाचं पान ठेव.”

“आपा, त्या पानासाठीच तर मी करतोय.”

“शब्द?”

“शब्द.”

मग त्यांनी तळवे उघडले. आम्हीही उघडले. त्यांनी आमच्या रस्त्यासाठी, आमच्या हातांसाठी, आमच्या डोळ्यांसाठी मागितलं, आणि “ओमीन” म्हणून आम्ही चेहऱ्यावरून हात फिरवले. माझ्या हाताला लोणी लागलेलं होतं. ते गालांना लागलं. मला वाटलं, शुभच आहे.

चित्रीकरणाच्या तीन आठवडे आधी मेदेरनं मला बोलावलं. खुर्चीत एक गृहस्थ बसले होते, तब्येतीनं भरदार, बोटात चांदीची अंगठी. टेबलावर चहाच्या पुड्यांचा किल्ला रचलेला.

“हे सागिन-बाइके,” मेदेर म्हणाला. “‘अल्तीन बुलाक’ चहा यांचा. सिनेमाच्या पाठीशी उभे राहतायत.”

“मी पटकथा वाचली,” सागिन-बाइके म्हणाले. “अंगावर काटा आला.”

“रहमत,” मी म्हणालो. म्हणजे आभार.

“पण काटा चहामुळे आला.”

“हो, तोच तर...”

“आमचा चहा बघून माणूस घाबरता कामा नये, इनिम.” इनिम म्हणजे धाकट्या भावा. असं म्हणणारा माणूस नेहमी काहीतरी काढून घेतो. “आमचं ब्रीदवाक्य आहे, ‘बसा ना अजून’. आणि तुमची बाई तोच चहा ओतून माणसाला हाकलते.”

“तो साठ वर्षांपूर्वीचा चहा आहे, बाइके. तुमचा नाही.”

“प्रेक्षकाला काय कळतं? तो म्हणेल, चहा तर हाच.”

मी मेदेरकडे पाहिलं. मेदेर छताकडे पाहत होता. छतावर काही नव्हतं.

“आणि तसंही,” मेदेर छतालाच म्हणाला, “आजच्या पोरांना त्यात भीती कुठे वाटणार? एक बाई चहा ओततेय. मी तांब्याची नखं केलीयत रे. एवढी लांब. कॉम्प्युटरवर. रात्रंदिवस तीन मुलं त्या नखांवर बसलीयत.”

“नखांवर?”

“जोक मारू नकोस. भयपट आहे.”

सागिन-बाइकेंनी एक पुडी माझ्याकडे सरकवली. “उलट केलं तर? चहा पिऊन ती शांत होते.”

मी हसलो. मग लक्षात आलं की मी एकटाच हसतोय.

इथे मी उठायला हवं होतं. लोक विचारतात, तू का नाही उठलास? खुर्ची खूप खोल होती, असं मी सांगतो. खरं तर खुर्ची साधी होती. घरी गेलो आणि लिहिलं. सात मिनिटं लागली. लाज वेळेची नाही, लाज याची की जमलं. संवाद चुरचुरीत झाले. अलबर्स्ती नखं पसरून झेप घेते, म्हातारी सासू थरथरत्या हातानं पियाला पुढे करते, अलबर्स्ती हुंगते, पिते, आणि तिचे डोळे पाणावतात. वर मीच एक वाक्य घातलं, कोणी सांगितलं नसताना: “घरचा वास आला.” सागिन-बाइकेंनी ते जाहिरातीच्या फलकावर घेतलं. चुय रस्त्यावर आहे अजून. मी आता दुसऱ्या रस्त्यानं जातो. त्या रस्त्यावरही लागला आहे.

सिनेमा तयार झाला. कॅमेरा पडला नाही, घोडा लंगडला नाही, नटीनंही लग्न वगैरे काही केलं नाही. बाता लागू पडला होता. त्याचंच वाईट वाटत होतं.

पहिल्या खेळाच्या आठवडाभर आधी उल्कान-आपांचा फोन आला.

“बालाम, तेवीसजण येतोय.”

“तेवीस?”

“गाडी ठरवली. ड्रायव्हर धरून चोवीस. त्याला पण बघायचाय. मी मखमलीचा कोट शिवायला टाकलाय.”

“आपा, इतक्या लांबून कशाला...”

“ते पान बघायला,” त्या म्हणाल्या. “बाकी मला भुताखेताची भीती वाटते.”

मी मेदेरला सांगितलं, मी कोचकोरला जातो आणि आधीच सांगून टाकतो.

“वेडा आहेस का?” मेदेर म्हणाला. “येऊ दे. बसतील, बघतील, फोटो काढतील. ऐंशीची बाई, अंधारात झोपून जाईल.”

“ती तेवढ्यासाठी येतेय.”

“मग खोकला काढ त्या वेळी. मोठा. ती म्हणेल, बहुतेक तेव्हा आलं असेल, माझं लक्ष नव्हतं.”

मी गुरुवारी सकाळी निघालो. गाडीत सगळा रस्ता वाक्यं जुळवत होतो. ‘आपा, सिनेमाची भाषा वेगळी असते.’ हे वाक्य मी बोओम घाटात खिडकीबाहेर म्हणून पाहिलं. वाऱ्यानं ते परत आत फेकलं. शेजारच्या बाईनं विचारलं, “काय म्हणालात?” मी म्हणालो, काही नाही. तेच वाक्य त्यातल्या त्यात बरं होतं.

आपांनी दारातच माझं कपाळ हुंगलं. दस्तरखान, म्हणजे जेवणाचं कापड, अंथरलेलाच होता. कणकेचे तळलेले बोर्सोक, साय, जर्दाळूचा मुरंबा, आणि त्या स्वतः किटलीपाशी. दूध, मग चहाचं दाट पाणी, मग उकळतं पाणी. तळाशी दोन घोट. उजव्या हातानं पियाला पुढे, डावा हात कोपरापाशी.

मी प्यायलो. “आपा, मला एक सांगायचं होतं.”

“आधी पी.” दोन घोट.

“सिनेमाचं काय असतं, आपा...”

“साय घे. तू वाळलायस. शहरात तुला कोणी वाढत नाही का?” दोन घोट.

मी मोजत नव्हतो, पण सातव्या-आठव्या पियाल्यापर्यंत माझं वाक्य तीन शब्दांच्या पुढे गेलं नव्हतं. शरमेनं मेलेल्या माणसाला मान देत राहिलं तर काय होतं ते तेव्हा कळलं. त्याला उठता येत नाही. मी मनात म्हणत होतो, आपा, भरा एकदाचा. काठापर्यंत भरा, म्हणजे मी जातो.

त्या उठल्या आणि आतून मखमलीचा कोट आणला. गडद हिरवा, कडेला चांदीची वेल. अंगावर धरून दाखवला.

“बरा दिसतो?”

“फार छान दिसतो.”

“लोक म्हणतील, म्हातारीला नवरी व्हायचंय.” त्या हसल्या, बसल्या आणि कोट मांडीवर ठेवून त्याची वेल बोटानं चाचपू लागल्या. “तुला एक विचारू? त्या मुलीचा हात थरथरतो का?”

“कुठल्या मुलीचा?”

“सुनेचं काम करणाऱ्या. पियाला देताना.”

मी बोर्सोक तोंडात घातला, म्हणजे बोलता येणार नाही.

“थरथरता कामा नये,” आपा म्हणाल्या. “माझा थरथरला नव्हता.”

मी चावायचा थांबलो.

“ते पुस्तक म्हाताऱ्यानं लिहिलं. ते पान मी केलं.” त्या अगदी रोजच्या आवाजात सांगत होत्या, जसं दूध उतू गेल्याचं सांगावं. “मुलगी होती. रडलीच नाही. तिसऱ्या दिवशी मला उठवलं, पाहुणे होते म्हणून. उंच माणूस म्हणाला, अलबर्स्ती आणली आपण घरात, निदान चहा तरी ओतेल.” उंच माणूस म्हणजे त्यांचा सासरा. सून सासऱ्याचं नाव घेत नाही. तो मरून पंचेचाळीस वर्षं झाली तरी त्या घेत नव्हत्या. “मग मी ओतला. सगळा.”

“मग?”

“मग काय. ते उठून गेले. पुढे जगले तेवढी वर्षं माझ्या हातचं घेतलं नाही. घरात कोणी बोललं नाही. म्हातारापण बोलला नाही, बाजूलाच बसला होता. नऊ वर्षांनी पुस्तक आणून ठेवलं माझ्यापुढे. त्यात मी भूत. मी म्हटलं, भूत तर भूत. ओतला तर आहे ना.” त्यांनी माझा रिकामा पियाला घेतला. “मला ते एकदा मोठं झालेलं बघायचंय. भिंतीएवढं. माणसांनी बघताना. म्हणून विचारते, हात थरथरतो का?”

सिनेमात त्या मुलीच्या हातात पियाला आहे. दुसऱ्या एका प्रसंगात. पाठीमागे चहाची पुडी नीट दिसावी म्हणून अकरा वेळा घेतलेला प्रसंग. हात दगडासारखा आहे.

“नाही, आपा,” मी म्हणालो. “अजिबात थरथरत नाही.”

हे खरं होतं. इतकं घाण खरं मी आयुष्यात बोललो नव्हतो.

आपांनी मान हलवली. त्यांचा चेहरा असा काही मोकळा झाला की मला बघवेना. त्यांनी दोन घोट ओतले आणि पियाला पुढे केला. मी तो घेतला, खाली ठेवला. मग हात लांब करून त्यांच्या गुडघ्याजवळची किटली उचलली.

पाहुणा किटलीला हात लावत नाही. पुरुष तर नाहीच. त्या “अरे, अरे!” म्हणाल्या. मी माझ्याच पियाल्यात ओतायला लागलो. चहा काठापर्यंत आला. काठाच्या वर फुगून उभा वगैरे काही राहिला नाही, माझा हात सरळ नव्हता. बशीत आला, दस्तरखानावर आला, मुरंब्यापर्यंत गेला.



“ते पान काढलं?” आपांनी विचारलं.

“काढलं.”

“कोणी?”

मेदेर होता. सागिन-बाइके होते. खोल खुर्ची होती.

“मी,” मी म्हणालो.

उठायला लागलो. आपांनी माझी बाही धरली. ऐंशीच्या मानानं पकड चांगली होती. त्यांनी माझा भरलेला पियाला उचलला, किटलीच्या थाळीत ओतून दिला, फडक्यानं पुसला आणि पुन्हा तळाशी दोन घोट ओतले.

“माझ्या घरात पियाला मी भरते,” त्या म्हणाल्या. “कोणाला उठवायचं ते पण मीच ठरवते. बस. त्या जागी काय घातलंस ते सांग.”

सांगितलं. नखं सांगितली, झेप सांगितली, हुंगणं सांगितलं. “घरचा वास आला” हे गाळणार होतो, पण त्यांनी विचारलं, “आणि ती काय म्हणते?” मग तेही सांगितलं.

“चहा पिऊन शांत होते,” आपा म्हणाल्या.

“होते.”

“मी.”

“हो.”

“कुठला चहा?”

मी खिडकीकडे बोट केलं. खिडकीच्या फळीवर ‘अल्तीन बुलाक’ची अर्धी पुडी होती. मगापासून आम्ही तोच पीत होतो. आपांनी पुडी बराच वेळ न्याहाळली, जशी ती घरात कोणाच्या ओळखीनं आली असावी.

“आपा, तुम्ही येऊ नका शनिवारी. मी सगळ्यांना कळवतो, गाडीचं मी...”

“कोट शिवून झालाय,” त्या म्हणाल्या. “घे, पी.”

शनिवारी त्या आल्या. चोवीसजण. पहिल्या रांगेत हिरवा मखमली कोट. मी शेवटच्या रांगेत, दाराजवळ. तो प्रसंग आला तेव्हा शेजारी बसलेल्या मेदेरनं शेवटी स्वतःच मोठा खोकला काढला. मी त्याला सांगितलं नव्हतं की आता उपयोग नाही. प्रेक्षक हसले. खोकल्याला नव्हे, अलबर्स्तीला. “घरचा वास आला” म्हटल्यावर कोणीतरी मधूनच ओरडलं, “दोन चमचे साखर!” आपांचा कोट हलला नाही.

नंतर बाहेरच्या दालनात चहा कंपनीनं टेबल मांडलं होतं. पाणी उकळायचा सोनेरी समोवर, पियाल्यांचे मनोरे, कॅमेरे. सागिन-बाइकेंना कल्पना सुचली. मोठ्या लेखकाची पत्नी, पहिला पियाला तिच्या हातचा.

“आपा, मान तुमचा,” ते वाकून म्हणाले. “ओता.”

मेदेरनं मला पुढे ढकललं. म्हणाला, फोटोत लेखक हवा.

आपांनी बाह्या सावरल्या. दूध, मग दाट पाणी, मग उकळतं. दोन घोटांची रेघ गेली. अर्धा गेला. सागिन-बाइके कॅमेऱ्याकडे बघून हसत होते, त्यामुळे त्यांना सगळ्यात शेवटी कळलं. आधी टेबलाजवळच्या बायका गप्प झाल्या. मग त्यांच्या मागचे. मग कोणीतरी लहान मुलाला जवळ ओढलं. दालन भरलेलं होतं आणि उकळत्या पाण्याच्या धारेचा आवाज शेवटच्या खांबापर्यंत ऐकू येत होता. चहा काठापर्यंत आला. काठाच्या वर फुगून उभा राहिला. सांडला नाही. आपांनी उजव्या हातानं पियाला पुढे धरला, डावा हात कोपरापाशी.

हात थरथरला नाही.

सागिन-बाइकेंचं हसू चेहऱ्यावर होतं, पण त्यात आता कोणी राहत नव्हतं. ज्या हातात चांदीची अंगठी होती त्या हातानं त्यांनी पियाला घेतला. न घेणं शक्यच नव्हतं. एक घोट प्यायले, पियाला टेबलावर ठेवला आणि स्वतःच्या कंपनीच्या फलकाखालून, ‘बसा ना अजून’च्या खालून, दाराबाहेर गेले.

मेदेरनं माझा दंड धरला. त्याच्या हातावरचे केस उभे राहिले होते.

“अरे,” तो कुजबुजला, “हे आपण सिनेमात का नाही घेतलं?”

आपांनी दुसरा पियाला उचलला होता आणि माझ्याकडे बघत होत्या. मी पुढे गेलो. मनात म्हणालो, भरा, आपा, सगळ्यांसमोर भरा.

त्यांनी तळाशी दोन घोट ओतले.

मी प्यायलो. त्यांनी पियाला परत घेतला, परत ओतले. लोक पांगले, समोवर थंड झाला, चोवीसातले बावीस गाडीत जाऊन बसले, ड्रायव्हरनं दोनदा भोंगा वाजवला. मी उभाच होतो. त्या ओतत होत्या.